सतरा इंची लॅपटॉपचं दावं

मुंजाजी आयुष्यात एकदाही फसले नव्हते. हे अख्ख्या तेलगावाला माहीत होतं, कारण मुंजाजींनीच ते अख्ख्या तेलगावाला सांगितलं होतं.

उभा जन्म जनावरांच्या बाजारात गेलेला माणूस. खांद्यावर रुमाल टाकून ते बाजारात शिरले की म्हणे मारके बैल गरीब चेहरा करायचे आणि लबाड दलाल चहाच्या टपरीमागं दडायचे. "तोंड उघडायचं, दात बघायचे, चार पावलं चालवायचं," मुंजाजी सांगायचे, "जनावर असू दे न्हाई तर यंत्र, खोट लपत न्हाई!"

यंत्राचं फक्त बोलण्याच्या ओघात आलं होतं. पण बोललेलं कधी अंगावर येईल, सांगता येत नाही!

झालं असं, की त्यांची मुलगी रोहिणी घरात बसून पुण्याच्या एका प्रकाशनाची पुस्तकं तपासायची. शाळेच्या पुस्तकांतल्या चुका काढायच्या आणि उरलेल्या वेळात स्वतःचा एम.ए.चा अभ्यास करायचा. लॅपटॉप होता, पण एवढासा! पंचांगाएवढा. डाव्या बाजूला मूळ पान आणि उजव्या बाजूला छापायचं पान उघडलं की दोन्ही पानांतली अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची. रोहिणी नाक पडद्याला टेकवून वेलांट्या शोधायची. तिची आई साखराबाई म्हणायची, "पोरगी काम करायली का मुका घ्यायली त्याचा, कळंना!"

आणि एक दिवस पुण्याहून फोन आला. काम कायमचं द्यायचं ठरतंय. सोमवारी सकाळी ऑनलाइन चाचणी. दोन पानं शेजारी-शेजारी नीट दिसतील असा मोठा स्क्रीन घरी असेल तर काम घरून. नसेल तर पुण्याला येऊन ऑफिसात बसा, इथं मोठे स्क्रीन आहेत.

"मग जा की पुण्याला," मुंजाजी ताबडतोब म्हणाले. "आमाला काय! आमी काय लहान हाव का?"

असं म्हणून ते गोठ्यात गेले आणि ज्या म्हशीला आत्ताच पाणी पाजलं होतं, तिलाच पुन्हा पाणी पाजायला लागले. म्हशीनं तोंड फिरवलं. तरी बादली धरून उभेच!

साखराबाईनं दारातून हे बघितलं आणि रोहिणीला म्हणाली, "मोठा लॅपटॉप घे माय. न्हाई तर ह्यो माणूस म्हशीला बुडवून मारतो."

शनिवारी अंबाजोगाईला जायचं ठरलं. रोहिणीनं दुकान हेरून ठेवलं होतं, सतरा इंची स्क्रीनचे तीन लॅपटॉप फोनवर बघून ठेवले होते. सकाळी बघते तर आप्पा रुमाल झटकून, टोपी घालून तयार!

"आप्पा, तुमी कावून?"

"कावून म्हंजी? घरात नवीन जित्राब यायलंय अन् मी घरी बसू?"

"जित्राब न्हाई आप्पा, लॅपटॉप हाय."

"पैसे देऊनच आणायचं ना? मग सौदा हाय. सौद्यात शिकलेली माणसं लई लवकर गंडतात."

"या. पण दुकानात काय बोलू नका."

"मी कधी बोलतो का?" मुंजाजी म्हणाले, आणि खुंटीवरचं एक कोरं सुती दावं काढून पिशवीत टाकलं.

"ते कशाला?"

"असू दे. बांधाबांधीला लागतं."

त्या भिंतीवर दाव्यांची रांगच होती. मुंजाजींनी जन्मभरात जेवढी जनावरं विकली, त्यांची दावी. बाजाराचा एक रिवाज आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकायचं नाही. दाव्यात घरची लक्ष्मी असते, ती मालकाकडंच राहते. घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यायचं आणि आपल्याच दाव्यानं जनावर न्यायचं. विकणाऱ्याच्या दाव्याला जो हात लावतो, तो चांगल्या घरचा नाही! रोहिणी लहानपणी ही दावी मोजत झोपी जायची. पण त्या सकाळी तिला वाटलं, आप्पा खोकं बांधायला दोरी घेतायत. तिच्या जागी कुणालाही असंच वाटलं असतं.

दुकानाचा मालक सोमेश्वर. तरणा, गोड बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला. "या काका, या ताई. किती इंची दाखवू?"

"सतरा," रोहिणी म्हणाली.

सोमेश्वरनं एक लॅपटॉप उघडून ठेवला. केवढा! पाटाएवढा! मुंजाजींनी दुकानात काही बोलायचं नव्हतं, म्हणून त्यांनी नुसती वीत लावली. वीत, वर चार बोटं, आणखी चार बोटं. मग खालून वर. मग त्यांनी रोहिणीकडं असं बघितलं, जणू पाकीटमार सापडलाय.

"मालक, हे सतरा न्हाई भरत."

"काका, स्क्रीन कोनाकोनी मोजतात. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत."

"कोनाकोनी?" मुंजाजी हसले. बाजारात हसायचे तसं, पोट हलवून. "म्हंजी मी बैल विकताना खुरापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत मोजून म्हणायचं, एवढा उंच हाय?"

"आप्पा!"

"मी कुठं बोललो? मोजलं फक्त."

दुसरा लॅपटॉप आला. मुंजाजींनी त्याचा जबडा आणखी फाकवला, वाकून आत बघितलं आणि बटनांवरून बोट फिरवायला लागले. घरच्या लॅपटॉपला नव्हती अशी आकड्यांची बटनं उजव्या बाजूला आणखी भरलेली. त्यांनी मान हलवली.

"पोरी, हे नको. दात बघ किती! हे जुळलेलं हाय. सगळे दात आलेत, म्हातारं हाय हे."

"काका, मोठ्या लॅपटॉपला आकड्यांची वेगळी बटनं असतातच," सोमेश्वर म्हणाला. "कोरा माल आहे. कालच खोकं फोडलंय."

"सगळे असंच म्हणतात, मालक. कालच गोठ्यात आलाय म्हणतात."

सोमेश्वरनं घाम पुसत तो सुरू करून दाखवला. पडदा काळा झाला आणि मधोमध एक पांढरं चक्र गरागरा फिरायला लागलं. मुंजाजी दोन पावलं मागं सरले.

"भोवरा!"

"काय?" सोमेश्वर दचकला.

"कपाळावर भोवरा हाय ह्याच्या! आवो, बैलाच्या कपाळावर वाकडा भोवरा असला तर आमी दारात उभं करत न्हाई. अन् ह्याचा तर फिरायलाय!"

"ते अपडेट चाललंय, काका."

"फिरता भोवरा म्हंजी लईच वाईट. झाका ते."

शेजारी प्रिंटरची शाई घ्यायला आलेल्या एक बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. रोहिणी एका हातानं कपाळ धरून दुसऱ्या हातानं तिसऱ्या लॅपटॉपकडं बोट दाखवत होती. हा तिसरा नशिबानं चट्कन सुरू झाला. भोवरा दिसायच्या आत हिरवं रान, निळं आभाळ! रोहिणीनं दोन पानं शेजारी-शेजारी उघडली. एक-एक काना, एक-एक मात्रा हरभऱ्याच्या दाण्यासारखी टपोरी. तिच्या चेहऱ्याकडं बघून मुंजाजींना दातबीत मोजायचं भानच राहिलं नाही.

"हाच," ती म्हणाली.

"हाच तर हाच. आता सौदा." असं म्हणून त्यांनी सोमेश्वरचा उजवा हात धरला आणि त्यावर रुमाल टाकला!

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, चार माणसांत दोघांनाच कळतं. पण हे सोमेश्वरला कुठं माहीत? त्याला एवढंच कळलं, की एका अनोळखी म्हाताऱ्यानं आपला हात कापडाखाली घेतलाय आणि आपली दोन बोटं पिळतोय. आणि वर डोळ्यांत डोळे घालून विचारतोय, "बोला! हाय कबूल?"

"काका, हात सोडा ना!"

"आधी बोला. हे दोन?" पुन्हा पीळ.

"हो हो! कबूल! बॅग देतो, माउस पण देतो, सोडा!"

मुंजाजींनी ऐटीत रुमाल खांद्यावर टाकला. त्यांनी रुमालाखाली काय मागितलं आणि सोमेश्वरनं काय दिलं, ह्याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण सौदा झाला होता!

पैसे भरायला फोनवर नंबर यायचा, तो दुकानात येईना. रोहिणी रेंज शोधत रस्त्यावर गेली. सोमेश्वरनं लॅपटॉप बॅगेत घातला, शेजारी एक काळी, लांबलचक, वेटोळं घातलेली वस्तू ठेवली. मधे विटेएवढा ठोकळा. तेवढ्यात त्याला शाईवाल्या बाईंनी हाक मारली.

"हे काय म्हणायचं, मालक?" मुंजाजींनी विचारलं.

"ती त्याचीच वायर, काका. सोबत जाते," सोमेश्वर पाठमोराच म्हणाला.

मुंजाजी विचारात पडले. पोरगा भला दिसतोय. बॅग दिली, माउस दिला, आणि आता भोळसटपणानं दावंही देतोय! रिवाज माहीत नाही बिचाऱ्याला. कुणी शिकवलाच नसेल. उद्या ह्याच्या दुकानाची लक्ष्मी निघून गेली, तर ते पाप कुणाच्या माथी? आणि असलं दावं आपल्याकडं आहेच की! घरच्या लॅपटॉपचं खुंटीला टांगलेलं आहे, ते ह्याला लावू.

त्यांनी ती वायर दोन्ही हातांनी उचलली, दावं गुंडाळतात तशी कोपर आणि अंगठ्यात नीट गुंडाळली. कोपऱ्यातल्या फळीवर लक्ष्मीचा फोटो होता, त्याच्यासमोर ठेवली. करंड्यातलं कुंकू लावलं. नमस्कार केला. मग पिशवीतलं आपलं दावं काढून लॅपटॉपच्या रिकाम्या खोक्याला आवळलं, आणि सोमेश्वरला काही न सांगता बाहेर पडले. चांगलं काम करून सांगायचं नसतं, असं त्यांचं मत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते पाळलं!

बॅग त्यांनी वाटेत कुणाच्या हातात दिली नाही. रोहिणीच्याही नाही.

घरी साखराबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. नवीन जनावर आलं की पायावर पाणी घालतात.

"माय, पाणी न्हाई!" रोहिणी ओरडली.

"बरं बरं, पाय तरी कुठायत त्याला," म्हणून साखराबाईनं भाकरतुकडा तेवढा ओवाळला आणि पाणी मुंजाजींच्या पायावर घातलं.

मग गल्ली लोटली. मुंजाजी बाजेवर बसून लॅपटॉप चालवून दाखवायला लागले. म्हणजे रोहिणी चालवत होती, ते सांगत होते. "कोनाकोनी मोजतात बरं का ह्याला! हाणम्या, दुरून बघ बे, बोट लावू नको!" शेजारच्या हणमंताला सिनेमा बघायचा होता, त्याच्या आईला देवळातली काकडआरती, पोरांना वाघ. सगळ्यांना सगळं दाखवून झालं. दिवेलागणीला पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण आली.

"आप्पा, चार्जर द्या."

"खुंटीला हाय."

"तो जुना. ह्याचा?"

"ह्याचा दिला."

"कुणाला दिला?"

"ज्याचा त्याला!" मुंजाजी अभिमानानं म्हणाले. आता सांगायला हरकत नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. लक्ष्मीचा फोटो, कुंकू, नमस्कार.

रोहिणी उठली. तिनं खुंटीवरचा जुना चार्जर काढला, टोक नव्या लॅपटॉपच्या भोकापाशी नेलं. ते सुईच्या नेढ्यात सुतळी घालण्यासारखं होतं. मुंजाजींनी स्वतः करून बघितलं. थुंकी लावून बघितली. मग हळूच म्हणाले, "वासराचं दावं हाय हे. ह्याला न्हाई पुरायचं."

फोन लावला. सोमेश्वरचा आवाज एकदम बारीक. "ताई, चार्जर आहे. अगदी सुखरूप आहे. पण मिळणार नाही."

"म्हणजे?"

"आई देत नाही. तुम्ही उद्या येऊन तिच्याशीच बोला. आणि काकांना आणाच. पण," तो घुटमळला, "त्यांचा तो रुमाल घरी ठेवा."

रविवारी दोघं पुन्हा अंबाजोगाईला. बॅग मांडीवर, दाव्यानं बांधलेलं खोकं पायाशी. तेलगावापासून अंबाजोगाईपर्यंत मुंजाजी एक शब्द बोलले नाहीत. रोहिणीला आधी राग आला होता. धारूरचा घाट चढताना तो ओसरला आणि काळजी वाटायला लागली. आप्पा गप्प म्हणजे तब्येत बरी नसणार!

दुकानावरच घर. दारात सोमेश्वरची आई, सावित्रीबाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"दावं ठेवून गेलते ते तुमीच का?"

"मीच," मुंजाजी म्हणाले.

"या! बसा! आवो, माझं माहेर जनावरांच्या घरचं. इतकी वर्षं झाली ह्या गावात, एक माणूस रिवाज जाणणारा भेटला न्हाई. ह्या माझ्या लेकाला तर वाटलं तुमी करणी केली! मुडद्या, म्हणलं, करणी न्हाई, दावं ठेवलंय त्यांनी, तुझ्या दुकानाचं भलं चिंतून!" आतून सोमेश्वरनं खाली मान घालून चहा आणला. "अन् गुण बघा. तुमी गेलात अन् दिवस मावळायच्या आत दोन गिऱ्हाइकं! ते प्रिंटर तर कवापासून धूळ खात पडलतं!"

चार्जर लक्ष्मीच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलेला होता. त्याला आता झेंडूचा हारही होता.

"आजी," रोहिणी म्हणाली, "तो चार्जर हवाय मला. उद्या परीक्षा आहे माझी."

"दुसरा घे की माय. सोमू, दे तिला."

"दुसरा नाही गं आई. मागवला तर यायला आठवडा जातो."

"मग मी तरी काय करू? उतरवलेलं दावं परत मागत न्हाईत. विचार तुझ्या बापाला."

रोहिणीनं बापाला विचारायची गरज नव्हती. मुंजाजी रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. खरं होतं बाईचं. ठेवलेलं दावं मागून घेणारा माणूस बाजारात तोंड दाखवू शकत नाही. हा रिवाज त्यांनीच शेकड्यानं माणसांना शिकवला होता, कितीकांना त्यावरून चारचौघांत झापलंही होतं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "पोरगी पुण्याला जाईल."

"जाऊ द्या की. शिकलेली हाय."

"मी बी तेच म्हणलं तिला. जा म्हणलं." मुंजाजी थांबले. "तसं काय न्हाई. ती घरात असली की दिवसभर ते बटनं टकटक वाजतात. म्हशीला सवय झालीय त्याची. पान्हा चोरते न्हाई तर."

रोहिणीनं झटकन खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

सावित्रीबाईनं मुंजाजींकडं बघितलं, मग खोक्याकडं. "म्हशीला," ती म्हणाली.

"हां. म्हशीला."

सावित्रीबाईनं पदर खोचला आणि उजवा हात पुढं केला. "टाका रुमाल."

"आई!" सोमेश्वर किंचाळला.

"गप रे!"

मुंजाजींनी रुमाल टाकला. उभ्या जन्मात त्यांनी कधी बाईशी सौदा केला नव्हता. रुमालाखाली काहीतरी दाबलं गेलं. मुंजाजींनी मान हलवली. पुन्हा काहीतरी दाबलं गेलं. मुंजाजींच्या भुवया टोपीत शिरल्या. बाई हसली. तिसऱ्यांदा दाबल्यावर दोघांनी एकदमच मान डोलावली.

"झाला सौदा," सावित्रीबाई म्हणाली. "दाव्याला दावं! ते खोक्याचं सोडा."

मुंजाजींनी सुती दावं सोडलं, कपाळाला लावलं आणि खिळ्याला टांगलं. झेंडूचा हार त्याच्या गळ्यात गेला. चार्जर रोहिणीच्या हातात आला. तिनं तो तिथल्या तिथं लावून बघितला, दिवा पेटला, आणि तिच्या तोंडून असा सुस्कारा निघाला, की उदबत्ती विझली.

चाचणी झाली. मधेच वीज गेली, पण लॅपटॉप चालत राहिला. मूळ पानातल्याच तीन चुकाही रोहिणीनं काढल्या. काम मिळालं, घरून. मुंजाजींनी ऐकलं, "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि म्हशीला पाणी पाजायला गेले. त्या दिवशी म्हैस प्याली.

त्या वर्षापासून दिवाळीच्या आधी सीताफळांची एक पाटी तेलगावहून अंबाजोगाईला जायला लागली. आणि तिकडून प्रिंटरच्या कागदाचा एक गठ्ठा यायचा. रुमालाखाली काय ठरलं होतं, ते आप्पांनी घरात कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "रुमालाखालचं रुमालाखाली."

आप्पा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात रोहिणीनं तो सतरा इंची लॅपटॉप विकला. आता पडद्याच्या मधोमध फार वेळ भोवरा फिरायचा. वडवणीचा एक बी.एड.वाला सत्यम येऊन घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, चार्जर तुमच्याकडंच राहिला."

रोहिणीनं भिंतीकडं बघितलं. दाव्यांच्या रांगेत, सगळ्यात शेवटच्या खुंटीला, तो काळा चार्जर कोपर आणि अंगठ्यात गुंडाळल्यासारखा नीट टांगलेला होता.

"राहिला न्हाई, ठेवून घेतलाय. नवीन मागवलाय तुमच्यासाठी, आठवड्यात येईल."

"पण ताई, जुना चांगला चालत असताना नवीन कावून?"

रोहिणी समजावून सांगायला लागली. विकणाऱ्याचं दावं, घेणाऱ्याचं दावं, लक्ष्मी, सगळं. पलीकडून नुसतं "हां, हां" येत राहिलं. मग सत्यमनं फोनवर हात ठेवून कुणाला तरी सांगितलेलं तिला स्पष्ट ऐकू आलं:

"लॅपटॉप चांगला हाय रे. बाईच जरा कोनाकोनी हाय."